सातच्या पायाची खाच

११ ऑक्टोबर २०२४, खंडेनवमी

आज पूजेत लॅपटॉप ठेवला. हळदकुंकू वाहायच्या आधी बाबांनी विचारलं, "हे हत्यार आहे का रे?"

"आता माझं हेच हत्यार आहे, बाबा."

"कापतं काय?"

सुहासिनी हसली. माझी बायको बाबांच्या बाजूने हसते, ही घरातली पंचवीस वर्षांची प्रथा आहे.

बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत. सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं तपासनीस होते. पूजेत त्यांचा मायक्रोमीटर, त्यांचं भिंग, सुहासिनीची कात्री आणि मधोमध माझा पंच. बोटभर लांबीचा पोलादी तुकडा, टोकाला उलटे इंग्रजी आकडे, सतरा. माल पास झाला की तपासणाऱ्याने त्यावर आपला नंबर ठोकायचा. उद्या काही झालं तर आपल्याला कोणी पास केलं हे लोखंडच सांगतं. पंच उसना द्यायचा नाही. जागा सोडताना जमा करायचा, मग दोघांसमोर ग्राइंडरवर धरून आकडे पुसतात. निवृत्तीच्या दिवशी बाबांचा पंच असाच पुसला, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

म्हणून अकरा वर्षांपूर्वी मी क्वालिटीतून उठून मॅनेजर झालो तेव्हा ते म्हणाले, "तुझा राहू दे. देवात ठेवू." या माणसाने जन्मात मोडलेला हा एकच नियम, तोही माझ्यासाठी. रजिस्टरमध्ये मी 'जमा' असं लिहवून घेतलं. कोण बघतंय!

पंच पहिल्यांदा घरी आणला होता तेव्हा बाबांनी देवाचं ताम्हण पुढे केलं होतं. "ठोक इथे. पहिला ठसा देवाला." काठावर ठोकला. त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "सातच्या पायाला खाच आहे. बदलून घे." मी काही बदलला नाही.

दुपारी कंपनीत गेलो. मेकल लिफ्टिंगला (आम्ही क्रेनचे हुक बनवतो) नवी तपासनीस आली आहे, सुखदा देवपुजारी. सत्तावीस वर्षांची, आमच्याच गोरखपूर मोहल्ल्यातली. आई गीतांजलीताई शाळेत शिकवतात. हिला नंबर कोणता द्यायचा असं स्टोअरवाल्याने विचारलं. मी म्हटलं, माझा द्या, सतरा, रिकामाच आहे. तिच्यासाठी नवा पंच करवला. पोरगी सगळ्यांसमोर वाकून पाया पडली. मला फार बरं वाटलं. आपल्यामागे आपलं नाव चालवणारं कोणीतरी हवं, असं वाटायचं वय झालं असावं.

१८ जानेवारी २०२५

मालक, योगेंद्रजी, आज जेवायला घेऊन गेले. एप्रिलपासून मला संचालक करायचं त्यांच्या मनात आहे. "श्रीरंग जी, इंजीनियर तो बहुत मिलते हैं, भरोसे का आदमी नहीं मिलता."

सत्तावीस वर्षांपूर्वी या कंपनीत शिकाऊ म्हणून आलो तेव्हा अंगावर तेलाचे डाग असायचे आणि बाबा ते बघून खूश व्हायचे. मग सुपरवायझर, मग क्वालिटी, मग प्लांट मॅनेजर, आता नावापुढे इंग्रजी आद्याक्षरांची माळ. दिवसभर पडद्यावर आलेख दाखवतो. खरं सांगायचं तर गेल्या पाच वर्षांत मी एकाही हुकाला हात लावलेला नाही. पण संचालक! मुंडल्यांच्या घराण्यात कोणी झालेलं नाही.

गप्पांत खंडेनवमीची गंमत सांगितली. पंच देवघरात असतो हे ऐकून योगेंद्रजी मनापासून हसले. "अच्छा! तो सत्रह नंबर अभी भी घर पे है?" केवढा मोठा माणूस, पण लहानसहान गोष्टी किती आवडीने ऐकतो.

२८ मार्च २०२५, शुक्रवार

सुखदाने माल अडवला. सिहोऱ्याजवळ पुलाचं काम चाललंय, तिथल्या क्रेनसाठी चाळीस हुक. भट्टीचं तापमान त्या पाळीत बिघडलं होतं म्हणे. तिने दहा तपासले, सहा हुकांत केसाएवढे तडे निघाले. पिवळ्या खडूने फुल्या मारून सगळाच लॉट थांबवला.

मी समजावून पाहिलं. "सहा बाजूला काढ. बाकीच्यांत असतीलच असं थोडंच आहे?"

"नसतीलच असं तरी काहून म्हणू, सर? पाच दिवस द्या. एकेक तपासते. सगळे इतकी घाई काहून करून राहिले?"

तिला काय सांगणार, एकतीस मार्च म्हणजे काय असतं ते. रविवारपर्यंत माल गेटबाहेर पडला नाही तर वर्षाचं लक्ष्य हुकतं आणि बरोबर माझं संचालकपदही. सोमवारी ईद, ड्रायव्हर मिळणार नाहीत. तिने पंच कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन घरी गेली. नियमाने बरोबरच आहे. नियम मीच शिकवलाय.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली. कडुनिंबाची चटणी खाताना योगेंद्रजींचा फोन. "आप तो खुद क्वालिटी से उठे हो. आपसे बड़ा इंस्पेक्टर कौन है इस शहर में?"

खोटं नाही ते. देवघरात गेलो. पंचावर नवमीचं कुंकू अजून होतं. ते रुमालाने पुसलं आणि पंच खिशात टाकला. संध्याकाळी परत ठेवायचा होता. बाबा बाहेर गुढीपाशी बसले होते, त्यांना दिसलं नाही.

प्लांटवर रविवारमुळे चार माणसं. फुल्या मारलेले सहा हुक भंगारात टाकायला सांगितले. उरलेले चौतीस एकेक टांगून हातोडीने वाजवले, बाबांनी शिकवलं होतं तसे. हुक चांगला असेल तर घंटेसारखा घुमतो, आत तडा असेल तर बद्द वाजतो. मग ठोकला, सतरा. किती वर्षांनी हातात हातोडी! पहिले दोन ठसे वाकडे पडले, मग हात बसला. घाम आला, हाताला लोखंडाचा वास लागला. पडद्यासमोर आयुष्य गेलं तरी आपण अजून इंजिनियर आहोत असं वाटलं. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झालेला नाही. तेवीस नंबरचा हुक किंचित बद्द वाटला. पुन्हा वाजवला. पंख्याचा आवाज फार होता. ठोकला.

आणि पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी एक, आज केलेलं काही वाया जात नाही.

सर्टिफिकेटवर तारीख मात्र अठ्ठावीसची पडली. योगेंद्रजी म्हणाले, रविवारची तारीख चांगली दिसत नाही. साडेचारला ट्रक गेला. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "काहून रे, पाडव्याच्या दिवशी हात काळे करून आलास?" मी हसलो. पंच ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच राहिला.

१ एप्रिल

सुखदा केबिनमध्ये आली. "सर, लॉट कुठे गेला?"

"बाहेरच्या लॅबला पाठवला तपासायला. तू काळजी करू नको."

"चलो, बरं झालं," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलं म्हणजे झालं." तिने काही विचारलं नाही, कुठे काही लिहिलंही नाही. एवढा विश्वास टाकू नये माणसाने कोणावर. पुढेमागे तिला एकदा समजावून सांगायला हवं.

१४ एप्रिल

संचालक झालो. केबिनला दोन खिडक्या आहेत. बाबांना दाखवायला नेलं. त्यांनी टेबलावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "इथे काय बनतं?"

१७ जुलै

सिहोऱ्याच्या पुलावर हुक तुटला. खाली गज बांधणारी एक बाई होती, ती जागच्या जागी गेली. नर्मदाबाई, कुंडमची, वय एकतीस.

हुक आमचा आहे. अनुक्रमांक तेवीस.

१९ जुलै

तुटलेल्या तुकड्यावर ठसा आहे, सतरा. रजिस्टरमध्ये सतरा म्हणजे सुखदा. सर्टिफिकेटची तारीख अठ्ठावीस मार्च, त्या दिवशी ती कामावर होती. आज तिला निलंबित केलं. कागद माझ्या सहीने गेला, कारण असे कागद संचालकाच्या सहीनेच जातात.

देवाशपथ सांगतो, पाडव्याच्या दिवशी पंच हातात धरला तेव्हा हा नंबर आता तिचा आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी माझा नंबर ठोकत होतो. योगेंद्रजींच्या तरी कुठे लक्षात आलं असेल? आज ते एवढंच म्हणाले, "अब जो लोहे पे लिखा है, वही सच है. आप चुप रहिए, बस."

२३ जुलै

कुंडमला जाऊन आलो, कंपनीतर्फे. रस्ता जंगलातला, चिखलाचा. गाडी अर्ध्यात सोडून चालत गेलो. नर्मदाबाईचा नवरा अंगणात एक जुनी सायकल उलटी ठेवून तिची साखळी बसवत होता. उठला नाही. मी खाली बसलो. त्याने विचारलं, "लोहा ऐसे कैसे टूट गया, साहब? आप तो इंजीनियर हैं."

मी आता इंजिनियर नाही, असं सांगावंसं वाटलं. भट्टीचं तापमान, तडे, असलं काहीतरी पुटपुटलो. त्याने ऐकून घेतलं आणि साखळीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, धरायला. साखळी बसेपर्यंत मी ती धरून बसलो.

६ ऑगस्ट

सुखदा घरी आली होती. डोळे खोल गेलेत. पोलिसांनी दोनदा बोलावलं, आता अटक होईल असं वकील म्हणतो. बाबा समोर आरामखुर्चीत, सुहासिनी चहा घेऊन उभी.

"सर, मी चौकशी समितीला सांगितलंय, श्रीरंग सरांना विचारा. लॉट त्यांनी लॅबला पाठवला होता. तुम्हीच माझे साक्षीदार."

मी म्हटलं, "हो, बघतो."

मग तिने पिशवीतून ठशाचा मोठा करून काढलेला फोटो बाहेर काढला. "आणि हा ठसा माझा नाही, सर. हे सातच्या पायापाशी बघा, खाच आहे. माझ्या पंचाला खाच नाहीच. पण समितीवाले म्हणतात, तुटताना खरचटलं असेल. उनको कौन समझाए?"

बाबांनी हात पुढे केला. "दाखव." भिंग मागवलं. पाच मिनिटं पाहिलं असेल. मग फोटो परत देत ते सुखदाला म्हणाले, "चहा पी बेटा, गार होऊन राहिला." बस, एवढंच. म्हातारपणी नजर जाते. त्यांना काही दिसलं नसावं.

७ ऑगस्ट

पाळी बदलताना वर्कशॉपमध्ये कोणी नसतं. ड्रॉवरमधला पंच घेऊन ग्राइंडरवर धरला. ठिणग्या उडाल्या, आठदहा सेकंद, संपलं. नियमाने हे अकरा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं, म्हणजे मी आज नियमच पाळला. दोन साक्षीदार तेवढे नव्हते.

त्या सातची खूण आता मी ठोकलेल्या हुकांखेरीज जगात कुठेच नाही. सुखदाला चांगला वकील मिळवून देता येईल का, ते बघतो. माझ्या ओळखीत एकदोन आहेत.

११ ऑगस्ट

बाबा विचित्र वागतात. हल्ली देवपूजा स्वतःच करतात, ताम्हण स्वतः घासतात, सुहासिनीला हात लावू देत नाहीत. माझ्याबरोबर जेवत नाहीत, आधी जेवून घेतात. आज म्हणाले, "पंच देवघरात दिसत नाही."

"कंपनीत जमा केला, बाबा. नियम आहे."

"कधी?"

"झाले चार दिवस."

"अच्छा," म्हणाले.

२० ऑगस्ट

समितीसमोर बसलो. लॉट लॅबला पाठवला होता का? मी म्हटलं, आठवत नाही. वर्षाअखेर होती, शेकडो लॉट जातात. अध्यक्षांनी मान डोलावली. सुखदा समोरच्या बाकावर होती. तिला धक्का बसेल, रडेल, काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. ती नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. मी हात टेबलाखाली घेतले.

खरं बोललो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब रोज करतो. तुरुंग, बदनामी, सुहासिनीचं काय, या वयात बाबांना काय वाटेल. मुख्य म्हणजे बाबा. त्यांना धक्का सहन होणार नाही. त्यांच्यासाठी तरी गप्प बसायला हवं.

१५ सप्टेंबर

सुखदाला अटक झाली. दोन दिवसांनी जामीन मिळेल म्हणे. गीतांजलीताईंचा फोन आला होता. सुहासिनीने उचलला आणि मी मीटिंगमध्ये आहे असं सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो. फोन ठेवून ती म्हणाली, "त्या तुमच्याबद्दलच विचारत होत्या. तब्येत कशी आहे म्हणून." मग स्वयंपाकघरात गेली. आज ती कोणाच्याच बाजूने हसली नाही.

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी, सकाळ

हे गाडीत बसून लिहितो आहे. वही सुटत नाही, कंपनीच्या बॅगेतच असते.

सकाळी आंघोळ करून देवघरात गेलो तर पूजा मांडलेली. मायक्रोमीटर, भिंग, कात्री. पंचाच्या जागी रिकामा पाट, त्यावर नुसतं कुंकू. ताम्हण नव्हतं. लॅपटॉप ठेवायला गेलो, तर बाबा मागून म्हणाले, "ते राहू दे. गाडी काढ."

निवृत्तीच्या दिवशी घातलेला कोट त्यांच्या अंगात होता. आता तो दोन माणसांचा होतो. काखेत कापडी पिशवी.

"कुठे जायचं?"

"देवपुजाऱ्यांकडे."

तेव्हा समजलं. वीस वर्षं रोज ज्यातून तीर्थ घेतलं, त्याच्या काठावर काय आहे ते मी विसरलो होतो. बाबा विसरले नव्हते. सहा ऑगस्टलाच त्यांना सगळं दिसलं होतं. छप्पन्न दिवस ते थांबले होते. मला वाटत होतं, मी त्यांना जपतोय.

गल्लीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. म्हटलं, "बाबा, हे कराल तर मी संपेन."

"तो नियम मी मोडवला तुझ्याकडून," ते म्हणाले. "पंच घरात राहू द्यायला नको होता. माझी चूक मी तिला सांगणार आहे. ताम्हण दाखवणार आहे. पाडव्याला काय झालं ते मी पाहिलेलं नाही, ते मी सांगणार नाही. ज्याने ठोकलं त्याने सांगावं." मग आवाज उतरवून, "तू वाजवून तरी पाहिले होते ना रे, हुक?"

"हो."

"मग?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यभर लोखंड ऐकलेला माणूस. मान फिरवून म्हणाले, "चल."

त्यांना आत जाऊन वीस मिनिटं झाली. मघाशी गीतांजलीताई बाहेर आल्या होत्या, "सर, उन्हात काहून बसले? आत या ना." म्हणजे तोवर बाबांनी काही सांगितलं नव्हतं. पाण्याचा पेला देऊन त्या आत गेल्या. तो पेला बॉनेटवर तसाच आहे.

गाडी चालू आहे. गिअर टाकला तर दोन मिनिटांत मुख्य रस्ता. योगेंद्रजींना फोन केला तर संध्याकाळपर्यंत ताम्हणाचंही काहीतरी होईल. या दोन गोष्टी मनात आल्या आणि मी त्या लिहिल्या, कारण या वहीत मी खोटं लिहिलेलं नाही. बाहेर सगळीकडे बोललो. इथे तेवीस नंबरचा हुक बद्द वाजला असं त्याच दिवशी लिहिलंय. पंख्याचं कारणही लिहिलंय. पंखा कुठला फार चालत होता. मार्चअखेर, शॉपमधले दोन पंखे, त्यातला एक बंद. मला ऐकू आलं होतं.

दार उघडलं. बाबा उंबऱ्यात उभे आहेत, भिंतीचा आधार घेऊन. सुखदा पायऱ्या उतरून गाडीकडे येते आहे. हातात ताम्हण, अंगठा काठावर, बरोबर त्या जागी.

तीस मार्चचं पान मी दुमडलं आहे. काच खाली करतो.